वीतभर पाण्यातून

दिवाळीत भुईचक्र पेटवणाऱ्या पोराला न्यूटनचा तिसरा नियम ठाऊक नसतो. पण ठिणग्या एका अंगाला उडतात आणि चक्र दुसऱ्या अंगाला फिरते, एवढे त्याला नेमके ठाऊक असते. बाण शेपटीतून आग ओकतो आणि म्हणून वर जातो. फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडून दिला, तर पोटातला वारा मागे टाकीत तो घरभर पळतो. हाच खेळ पाण्यात मांडायचा. नावेच्या पोटात खालून पाणी ओढून घ्यायचे आणि पाठीमागून ते जोराने फेकून द्यायचे, म्हणजे नाव पुढे गेलीच पाहिजे. कल्पना अशी सोपी, शाळकरी पोरालाही पटेल अशी. पण ती नीट साधायला माणसाला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. आणि अखेर ती साधली, तीही कोणा बड्या गोदीत नव्हे, तर मेंढ्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या घरच्या वर्कशॉपात. त्या शेतकऱ्याची, त्याच्या होडीची आणि ती होडी हातातल्या पान्या-कानशीनिशी जिवंत ठेवणाऱ्या हौशी मंडळींची ही हकीकत आहे.

पाण्याच्या झोतावर नाव चालवण्याचे पेटंट इंग्लंडात १६६१ सालीच निघाले होते. ते टूगुड आणि हेज या दोघांच्या नावावर आहे. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, म्हणजे १७८७ च्या डिसेंबरात, जेम्स रमसे नावाच्या अमेरिकन कारागिराने पोटोमॅक नदीवर लोकांसमक्ष एक नाव चालवून दाखवली. तिच्यात वाफेच्या जोरावर पंप चाले, पंप पाणी ओढी आणि मागच्या नळीतून बाहेर फेकी. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण धंद्याने पाठ फिरवली. पुढे १८६६ साली ब्रिटिश आरमाराने 'वॉटरविच' नावाची एक चिलखती नौका याच तत्त्वावर बांधून पाहिली. तिचे नाव 'जलचेटकीण', पण चेटूक काही चालले नाही. पंख्यावर चालणाऱ्या नौकेपेक्षा तिच्यात अधिक गुण दिसेना, आणि आरमाराने तो नाद सोडून दिला.

असे का व्हावे? याचे उत्तर आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. पुष्कळ पाणी सावकाश मागे ढकलले तर थोड्या इंधनात काम होते. थोडे पाणी फार वेगाने फेकले तर कोळसा अधिक जळतो. नावेचा मोठा पंखा पहिल्या रीतीने काम करतो, पंपाचा झोत दुसऱ्या रीतीने. नाव संथ चालणारी असेल तर झोताचा हिशेब नेहमीच तोट्याचा. ती वेगाने पळू लागली की मग पारडे झोताकडे झुकू लागते. रमसेच्या काळी असा वेग देणारे हलके इंजिनच नव्हते. कल्पना बरोबर होती. तिच्या काळाला जोड नव्हती.

आता आपण न्यूझीलंडला जाऊ. त्या देशाच्या दक्षिण बेटात सदर्न आल्प्स नावाची हिमशिखरांची रांग आहे. तिच्या पूर्वेला मॅकेन्झी प्रदेश नावाचे उंच, उजाड पठार पसरले आहे. झाडे थोडी, वारा फार, आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत पिवळट गवत व मेंढ्या. बर्फाच्या नद्यांनी खडक दळून केलेली भुकटी पाण्यात मिसळते, म्हणून तिथल्या टेकापो-पुकाकी सरोवरांना दुधात नीळ कालवल्यासारखा रंग असतो. त्या सरोवरांतून निघालेल्या नद्या मोठ्या चमत्कारिक. उन्हाळ्यातली आपली भीमा किंवा गोदावरी जशी वाळूच्या विस्तीर्ण पात्रात दोन-चार धारांनी वाहते, तशाच त्याही वाहतात. मात्र वाळूच्या जागी गोटे आहेत आणि पाण्याला घोड्याचा वेग आहे. वेणीच्या पेडांसारख्या धारा फुटतात, पुन्हा मिळतात, आणि पुराबरोबर आपली जागा बदलतात. अशा नदीत पंख्याची होडी घालणे म्हणजे पंख्याची पाती गोट्यांवर आपटून घेणे होय.

याच प्रदेशाच्या उंबरठ्यावर, फेअरलीजवळच्या ॲशविक येथे, १८९९ साली विल्यम हॅमिल्टनचा जन्म झाला. सगळे जग त्याला बिल म्हणून ओळखते. १९२१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने 'आयरिशमन क्रीक' नावाचे मेंढवाडीचे विस्तीर्ण रान विकत घेतले. गाव दूर, शहर त्याहून दूर. मोडलेली वस्तू दुरुस्त करायला कोणी यायचे नाही, तेव्हा ती आपणच दुरुस्त करायची, आणि दुरुस्त होण्यासारखी नसेल तर नवी घडवायची, हा तिथला रिवाज. घरात वीज हवी म्हणून हॅमिल्टनने धरण बांधायचे ठरवले. धरणासाठी माती उकरायची म्हणून मातीचे यंत्र स्वतः रचले. आणि त्या यंत्रातून पुढे यंत्रे बनवण्याचा धंदाच उभा राहिला. मोटार शर्यतींचाही त्याला भारी नाद. १९३० साली इंग्लंडातील ब्रुकलँड्सच्या प्रसिद्ध शर्यतीच्या वाटेवर त्याने आपली बेंटली पळवली. दुसऱ्या महायुद्धात त्या मेंढ्यांच्या रानात युद्धसामग्रीचे सुटे भाग तयार होत होते. युद्धानंतर क्राइस्टचर्च शहरात त्याचा मोठा कारखाना निघाला. पण मन रमे ते आयरिशमन क्रीकच्या वर्कशॉपातच.

पन्नाशी उलटल्यावर माणसे सहसा नवा नाद धरीत नाहीत. हॅमिल्टनने धरला. बालपणापासून ज्या नद्या पाहिल्या, त्या नद्यांवरून प्रवाहाच्या उलट वर जाईल अशी होडी त्याला हवी होती. अमेरिकेतील 'हॅन्ली हायड्रोजेट' नावाच्या यंत्राची माहिती त्याला मिळाली. त्यात पाणी ओढून ते होडीच्या तळाखाली लोंबणाऱ्या, फिरत्या तोटीतून बाहेर टाकीत. १९५३ साली त्या धर्तीवर त्याने एक लहानशी प्लायवूडची होडी केली. ती चालली, पण मन भरेल अशी नाही. तळाखालची तोटी पाण्याला अडे, आणि गोट्यांना तर तिचे आमंत्रणच होते.

तेव्हा कारखान्यातल्या एका माणसाने सुचवले की, ती तोटी खाली कशाला? पाठीमागच्या फळीतून, पाण्याच्या पातळीच्या जरा वर काढून पाहा ना! सूचना अगदी साधी. तोटी वर आली, झोत हवेतून मागे उडू लागला आणि होडी एकदम मोकळी झाल्यासारखी पळाली. आता तळाखाली काहीच लोंबत नव्हते. पाण्यावर वेगाने सरपटू लागली की ती होडी वीतभराहूनही कमी पाण्यावरून निघून जाई.

या सूचनेपाशी मी मुद्दाम थांबतो. इतिहासाची पुस्तके मालकाचे नाव ठळक छापतात आणि 'एका सहकाऱ्याने सुचवले' एवढ्यावर त्या दुसऱ्या माणसाची बोळवण करतात. पण ज्या वर्कशॉपात मालक स्वतः तेलाने हात काळे करून उभा असतो, तिथेच मजुराला मालकाशी असे बोलता येते. टेबलापलीकडे बसलेल्या साहेबाला 'तोटी वर घेऊन पाहा' असे कोण सांगायला जातो? पुढे हॅमिल्टनची कीर्ती झाली, तेव्हा जलझोताचा शोध आपण लावला असे तो कधी म्हणाला नाही. तो मान कित्येक वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या आर्किमिडीज नावाच्या गृहस्थाचा आहे, असे तो हसत सांगे.

पहिल्या यशावर तो थांबला नाही. आधीच्या पंपात पाणी आत शिरून काटकोनात वळे, आणि प्रत्येक वळणावर जोर खर्ची पडे. मग पाणी शक्य तितके सरळ रेषेत जाईल असे पंप त्याने रचले. आत फिरणारा पात्यांचा इंपेलर, त्याच्यामागे पाण्याचा पीळ उलगडणारी स्थिर पाती, आणि शेवटी निमुळती तोटी. या यंत्रांना त्याने माशांची नावे दिली. 'क्विनॅट' आणि 'चिनूक' ही दोन्ही नावे एकाच सामन माशाची. आणि तो मासा प्रवाहाच्या उलट चढून जातो, हे लक्षात घेतले म्हणजे नावाची गंमत कळते.

१९६० साली या माशांची खरी परीक्षा झाली. अमेरिकेतील कोलोराडो नदी ग्रँड कॅन्यनच्या अजस्र घळीतून सुमारे ४४६ किलोमीटर धावते. १८६९ साली पॉवेल नावाचा एका हाताचा शूर भूगर्भशास्त्रज्ञ तिच्यातून लाकडी होड्यांनी प्रथम खाली उतरला. त्यानंतर जे कोणी गेले ते खालीच गेले. हॅमिल्टनच्या होड्या मात्र ती घळ उलट्या चढणार होत्या. हॅमिल्टनचा मुलगा जॉन चाकावर बसला, आणि 'किवी', 'वी रेड' व 'डॉक' या तीन होड्या ती घळ चढून वर आल्या. सर्वांत कठीण धबधबा व्हल्कन नावाचा. अशा जागी पाण्याचा जोर ही एक अडचण, तर फेस ही दुसरी. पांढऱ्या फेसात निम्मी हवा असते. पंपाने हवा गिळली की त्याची पकड सुटते, इंजिन नुसते ओरडते आणि होडी जागच्या जागी लटपटते. म्हणून चालवणारा फेसातली हिरवी, गुळगुळीत जीभ शोधतो आणि तिच्यावरूनच वर जातो. नदी वाचता आली पाहिजे. यंत्र पुढचे काम करते.

मोठमोठ्या पराक्रमांच्या कथा इथे संपत्या, तर हा लेख लिहिण्याचे मला विशेष कारण नव्हते. मला अधिक ओढ वाटते ती त्यानंतर जे घडले त्याची. हॅमिल्टनच्या कारखान्यातून नुसते झोताचे यंत्र विकत मिळू लागले. शेतकरी, गवंडी, मास्तर, दुकानदार असे लोक ते घरी आणीत, गाडीखान्यात प्लायवूडची होडी बांधीत, मोडीत निघालेल्या मोटारीचे इंजिन तिच्यात बसवीत, आणि रविवारी बायकामुलांना घेऊन नदीवर जात. पुढे फायबरग्लास आले, ॲल्युमिनियम आले. पण होडी आपल्या हाताने राखण्याची चाल आजही गेलेली नाही. कारण ही होडी फार स्पष्टवक्ती आहे. तिला काय दुखते ते ती लगेच सांगते, मात्र ऐकणाऱ्याला तिची भाषा आली पाहिजे.

समजा, इंजिन नेहमीपेक्षा जोराने फिरते आहे, पण होडी पुढे सरकत नाही. नवखा माणूस इंजिनाला दोष देतो. जाणता माणूस प्रथम इंजिन बंद करतो, आणि मगच यंत्राच्या माथ्यावरचे झाकण उघडून आत हात घालतो. पाणी आत घेणाऱ्या तोंडावर एक जाळी असते. तिच्यात शेवाळ, पाने, एखादी फांदी अडकलेली असते. पाणीच आत येत नसेल तर पंपाने फेकावे काय? चिमूटभर गवताने शंभर घोड्यांचे इंजिन हतबल होते. 'आधी इंजिन बंद, मग हात आत' हा नियम मात्र कोणी कधी मोडू नये. फिरत्या पात्यांना गवत आणि बोटे यांतला फरक कळत नाही.

जाळी स्वच्छ आहे, तरीही वेग वर्षागणिक घटतो आहे, तर दुखणे खोल आहे. इंपेलरच्या भोवती एक कडे असते. पात्याचे टोक आणि हे कडे यांच्यामध्ये नवेपणी मिलिमीटरभरही फट नसते. वाळू आणि बारीक खडी यांनी ती हळूहळू वाढते, आणि पुढे जायचे पाणी त्या फटीतून मागे निसटू लागते. ज्याच्याकडे पातळ पत्र्यांचे फीलर गेज आहे त्याने ही फट दरवर्षी मोजावी आणि वहीत टिपून ठेवावी. पात्याच्या धारेला गोट्याने खाचा पाडल्या असतील तर त्या कानशीने हळुवार साफ कराव्यात. मात्र एका पात्यावर घासले तितकेच सर्वांवर, नाहीतर तोल जाऊन सारी होडी थरथरेल. फट फारच वाढली असेल तर कडे नवे घालावे, किंवा पात्यांच्या टोकांवर वेल्डिंगने धातू चढवून लेथवर उतरवावे. बेअरिंगला ग्रीस, दांड्यावरच्या सीलमधून पाणी ठिबकते का यावर लक्ष, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या गाळणीतली वाळू काढणे, ही कामे तासाभराची, पण ती टाळली तर खर्च हजारोंचा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुणे आणि जस्ताचे तुकडे झिजले असतील तर बदलणे हेही त्यातच आले. जस्त बिचारे स्वतः झिजते आणि ॲल्युमिनियमला वाचवते. घरोघरच्या थोरल्या बहिणींची आठवण व्हावी असा त्याचा स्वभाव आहे.

मग येतो सुधारणेचा मोह. शेजाऱ्याची होडी पुढे गेली की आपल्या होडीत मोठे इंजिन घालावेसे वाटते. पण पंप तोच ठेवून इंजिन वाढवले, तर पाती पाणी कापण्याऐवजी फाडू लागतात. पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की थंड पाण्यातच वाफेचे बुडबुडे धरतात, आणि ते फुटताना धातूवर सुईने टोचल्यासारखे खळगे पाडतात. म्हणून इंजिन बदलले तर इंपेलरचा पीळ त्याला जुळणारा निवडावा लागतो. पहिला पैसा मोठ्या इंजिनावर न घालता झिजलेल्या कड्यावर घालावा, हा जाणत्यांचा सल्ला. हरवलेला वेग पुष्कळदा तिथेच सापडतो.

दोन गोष्टी आणखी सांगितल्या पाहिजेत, कारण त्यांत जिवाचा प्रश्न आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती होडीच्या तळात साचते. इंजिन सुरू करण्याआधी झाकण उघडून, पंखा लावून ती बाहेर काढल्याशिवाय किल्लीला हात लावू नये. आणि या होडीला सुकाणू नसते, झोत वळवूनच ती वळते. त्यामुळे भेदरून इंजिनाचा जोर सोडला की वळण्याची शक्तीही जाते. समोर खडक दिसल्यावर घाबरून थांबणारा खडकावरच जातो. जोर कायम ठेवून वळणारा वाचतो. उथळ पाण्यातही तेच. वेगात असताना होडी वर उचललेली असते, वेग सोडला की ती बसते, आणि बसली की गोट्यांत रुतते. राहता राहिले तळाचे बूच. ते लावल्याशिवाय होडी पाण्यात लोटणारे विद्वान साऱ्या देशांत आढळतात.

या होडीची आणि आपल्या देशाची गाठ पडली ती १९७७ साली. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी न्यूझीलंडचाच. दोन वर्षांपूर्वी, १९७५ च्या मार्चमध्ये, काठमांडूजवळच्या विमान अपघातात त्याची पत्नी लुईझ आणि धाकटी मुलगी बेलिंडा गेल्या होत्या. त्या दुःखातून सावरू पाहणाऱ्या या माणसाने गंगा सागरापासून हिमालयापर्यंत उलटी चढण्याचा बेत केला. 'गंगा', 'किवी' आणि 'एअर इंडिया' अशा तीन झोताच्या होड्या. बरोबर त्याचा मुलगा पीटर, आपल्याकडचे गिर्यारोहक कॅप्टन मोहनसिंग कोहली, आणि चाकावर कोलोराडो जिंकणारा जॉन हॅमिल्टन व त्याचा मुलगा मायकेल. ऑगस्टमध्ये गंगासागरहून ते निघाले. कलकत्ता, पाटणा, काशी, प्रयाग, हरिद्वार, ऋषिकेश अशी ती यात्रा. काठाकाठाने माणसांचे समुद्र लोटले. ज्या नदीत आपल्या लोकांनी हजारो वर्षे अस्थी प्रवाहाबरोबर सोडल्या, तिच्यावरून एक दुखावलेला माणूस प्रवाहाच्या विरुद्ध वर निघाला होता, हे पाहणाऱ्यांना कुठेतरी कळले असावे.

देवप्रयागपासून पुढे अलकनंदा लागली. घळी अरुंद, पाणी खवळलेले. आणि नंदप्रयागजवळ पाण्याची एक उभी भिंत आडवी आली. जेमतेम दहा फुटांचा धबधबा, पण झोताच्या होडीला पाणी चढता येते, भिंत चढता येत नाही. तिथे यंत्राचे काम संपले. पुढचा डोंगर मंडळी पायांनी चढली. वर हिलरी विरळ हवेने गंभीर आजारी पडला आणि त्याला हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले. इतरांनी शिखर गाठले. ज्या नदीला आपण माता म्हणतो तिने त्यांना जिथवर येऊ द्यायचे तिथवर येऊ दिले, असेच म्हणायचे.

बिल हॅमिल्टनला १९७४ साली 'सर' ही पदवी मिळाली होती. गंगेची मोहीम संपल्यावर काही महिन्यांतच, १९७८ च्या मार्चमध्ये तो वारला. मुलगा आणि नातू गंगेच्या पाण्यावरून आपली होडी चढवून आले, हे त्याच्या हयातीत घडले. त्याच्या पत्नीने, पेगीने, १९६९ साली त्याचे चरित्र लिहिले आणि त्याला 'वाइल्ड आयरिशमन' असे नाव दिले. त्या माळावर उगवणाऱ्या एका काटेरी झुडपालाही तेच नाव आहे. आज झोताची ही विद्या आपल्या नौदलातही आहे. कलकत्त्याच्या गोदीत बांधलेल्या आणि २००९ पासून सेवेत आलेल्या 'कार निकोबार' जातीच्या वेगवान गस्ती नौका पंख्याऐवजी पाण्याच्या झोतावरच धावतात. मेंढवाडीतल्या प्लायवूडच्या होडीचे हे गोत्र आहे.

मी पेशाने शाळामास्तर. आमच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास असतो, आणि परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याचाच पडतो. गणित राहते, विज्ञान राहते. करवत आणि पाना कपाटात जातात. हुशार मुलाने पुस्तक धरावे आणि ज्याला पुस्तक जमत नाही त्याने पाना, अशी वाटणी आपण फार पूर्वी करून ठेवली आहे. ती वाटणी किती महाग पडते, हे या होडीच्या गोष्टीत दिसते. झोताचे गणित १६६१ पासून कागदावर होते. ते पाण्यावर उतरले तेव्हा एकाच माणसाच्या ठायी नदीची ओळख, कानशीची सवय आणि मजुराचे ऐकण्याचा मनमोकळेपणा ही तिन्ही एकत्र आली होती.

यंत्र विकत घेता येते. त्याची ओळख विकत मिळत नाही. ती झाकण उघडून, हात काळे करून, झिजलेली फट मोजून करून घ्यावी लागते. यंदा फराळाची ताटे आवरल्यावर घरातला बंद पडलेला पंखा, गळणारा पंप किंवा कुरकुरणारी सायकल मुलांच्या हाती द्या, आणि विजेची तार तेवढी आधी काढून ठेवा. चार मळसूत्रे हरवतील, जमिनीवर तेलाचा डाग पडेल, आई रागावेल. पण ते पंखा उघडून बसलेले पोर एखादे दिवशी विचारील, 'ही तोटी खालीच का?' तेव्हा त्याला गप्प करू नका.